हादरा शाफ्टचा, दोष जुळणीचा

अकोला-अमरावती पट्ट्यात सोयाबीनचा हंगाम लागला की थ्रेशरचे पीटीओ शाफ्ट दुरुस्तीला येतात. तक्रार एकच, मशीन हादरते. अशा वेळी लगेच नवा क्रॉस टाकण्याचा मोह होतो. पण आधी तपासावे. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत.

गोल शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून हाताने फिरवावा व डायल गेज लावावा. काटा जास्त पळाला तर शाफ्ट वाकला आहे. क्रॉसमध्ये ढिलाई किंवा अडकण नसावी. मग शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते पाहावे. ग्रीससाठी खोललेला शाफ्ट एक दाता चुकवून बसवला की ही रेषा मोडते. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. कोनात चालणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो-घटवतो, म्हणजे सेकंदाला 18 झटके. योक जुळलेले आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच ते एकमेकांना मारतात. म्हणून खोलण्यापूर्वी खूण करावी.

कव्हराशिवाय शाफ्ट चालवून पाहू नये. सैल कपडा गुंडाळला गेला तर जीव जातो.

चांगला क्रॉस बदलून पैसे घेणे म्हणजे मापात मारणेच. दोष दाखवून, जुळणीची मजुरी सांगून घ्यावी. रोजी हलाल राहते, गिऱ्हाईकही टिकते.