लाल किल्ल्यातल्या गोऱ्यांच्या बराकी

दिल्लीच्या लाल किल्ल्यात संगमरवरी महाल पाहायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत खुपतात त्या इंग्रजांच्या उंच, बोजड बराकी. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला बांधला. १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी आतल्या महालांचा बहुतेक भाग जमीनदोस्त केला आणि तिथे पलटणींची सोय केली. पाडण्याआधी साधा नकाशाही काढून ठेवला नाही, म्हणून स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने आपल्याच देशबांधवांना फटकारले होते. (मराठी माणसानेही फार ताठ मानेने बोलू नये. याच किल्ल्यातल्या दिवाण-ए-खास या दरबाराच्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मराठा फौजेने उतरवली.) स्वातंत्र्यानंतरही छावणी उठली नाही. आपले लष्कर २००३ च्या अखेरीस बाहेर पडले. २०१९ मध्ये बराकींत चार संग्रहालये सुरू झाली. एक १८५७ चे, एक जालियनवाला बागेचे, एक नेताजी आणि आझाद हिंद सेनेचे आणि चौथे ‘दृश्यकला’, म्हणजे भारतीय चित्रकलेचे. २०२३ च्या डिसेंबरात कला, वास्तुकला आणि डिझाइनचे द्वैवार्षिक प्रदर्शनही किल्ल्यातच भरले.

गुलामीच्या खुणा असलेल्या या बराकी पाडून मोगल महाल पुन्हा उभारावेत, असे म्हणणारे आहेत. त्यांची चीड समजते, पण पाडणाऱ्यांनी पुरेशी नोंदच ठेवलेली नसताना उभारणार काय? जे उभे राहील ते आजच्या कारागिराच्या कल्पनेतले असेल. शिवाय या लष्करी आवाराचा स्वतःचा इतिहास घडला आहे. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरचा खटला याच किल्ल्यात चालला. वकील भुलाभाई देसाईंनी त्यांची बाजू मांडली आणि देश पेटून उठला. गांधीहत्येचा खटलाही इथलाच. बराकी गेल्या तर ही साक्षही जाईल.

चित्रांच्या झगमगाटात इमारतीचा क्रूर जन्म विसरला जाईल, हा दुसरा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो. पण संग्रहालय बंद करणे हा त्यावर उपाय नाही. रिकामी इमारत काहीच सांगत नाही. तिला वाळवी लागते आणि मग ती पाडायला आयतेच निमित्त मिळते. माणसांची ये-जा असेल तर देखभाल होते, प्रश्नही विचारले जातात. म्हणून कला तिथे नांदावीच. पण त्या प्रत्येक बराकीच्या दाराशी, इथे पूर्वी काय उभे होते आणि ते कोणी पाडले, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.