नोकरी सुटते, शेअर सुटत नाही

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून मुंबई, नाशिक, तारापूरला कामाला गेलेला आपला माणूस नोकरी संपवून गावी परततो, तेव्हा त्याच्या पेटीत काय असते? पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद आणि कधीकधी कंपनीने कामगार म्हणून दिलेले शेअर. फंडासाठी तो हेलपाटे घालतो, ग्रॅच्युइटीसाठी भांडतो. पण शेअरचा कागद पाहून म्हणतो, "नोकरीच गेली, आता याचं काय राहिलं?" मोखाडा तालुक्यातील एका निवृत्त बांधवाच्या घरी हेच वाक्य आम्ही ऐकले आणि अस्वस्थ झालो.

आम्ही त्यांना सातबाऱ्याचे उदाहरण दिले. मालक गाव सोडून गेला म्हणून सातबाऱ्यावरचे त्याचे नाव पुसले जात नाही. तसाच एकदा आपल्या नावावर झालेला शेअर हा आपल्या मालकीचा. तो मालकाची मेहेरबानी नव्हे, आपल्या घामाचा मोबदला आहे.

मात्र शेअर आणि 'स्टॉक ऑप्शन' यांत फरक आहे. ऑप्शन म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. सेबीच्या 2021 च्या नियमांनुसार, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत हा हक्क मिळाल्यापासून निदान एक वर्ष पक्का होत नाही. राजीनामा दिला तर पक्का न झालेला हक्क संपतो. पक्का झालेला हक्क योजनेत लिहिलेल्या मुदतीत वापरावा लागतो. पण कामगार नोकरीत असताना मरण पावला, तर त्याला दिलेले सर्व ऑप्शन वारसांच्या नावे पक्के होतात. ही गोष्ट किती विधवा भगिनींना कुणी समजावून सांगितली?

कराचेही दोन टप्पे आहेत. ऑप्शन वापरून शेअर घेतला की बाजारभाव व आपण दिलेली किंमत यांतील फरक पगाराचे उत्पन्न धरला जातो. पुढे शेअर विकताना झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा. आणि शेअर म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. मे 2022 मध्ये आयुर्विमा महामंडळाने आपल्या कर्मचाऱ्यांना 949 रुपयांचा शेअर 45 रुपये सवलतीने दिला. बाजारात पहिल्याच दिवशी भाव त्या सवलतीच्या किमतीखाली गेला.

खरा धोका पुढेच आहे. नोकरी सुटली की पत्ता बदलतो, बँकेचे खाते बंद पडते, लाभांश परत जातो. सलग 7 वर्षे लाभांश घेतला नाही, तर 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ते शेअर सरकारच्या 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'त जमा होतात. ते बुडत नाहीत. आयईपीएफ-5 हा अर्ज करून मूळ मालकाला किंवा वारसाला परत मागता येतात. त्या अर्जाला शुल्क नाही. म्हणून अर्धा वाटा मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. कंपनीकडे आपला पत्ता, बँक खाते व वारसाचे नाव नोंदवा. जुने कागदी शेअर डीमॅट करा. 1 एप्रिल 2019 पासून नोंदलेल्या कंपनीचा कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

1917 साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईस परतले, तेव्हा शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी त्यांनी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. ज्या बाजाराने त्यांचे ज्ञान नाकारले, त्याच बाजारात आज आपल्या नावाचा कागद आहे. तो न वाचता पेटीत कुजू द्यायचा काय?

कागद न वाचता अंगठा उठवल्याने या डोंगरातील किती जमिनी सावकाराच्या घशात गेल्या, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. शिकलेल्या पोरांनो, आज घरी गेल्यावर बापाची पेटी उघडा. एकेक कागद वाचा आणि शेजारच्यालाही वाचून दाखवा.