अर्धशिशी वाढली म्हणजे मेंदूत गाठ झाली का?

महिन्यातून दोनदा उठणारी अर्धशिशी आठवड्यातून दोनदा उठू लागली की घरोघरी एकच सल्ला मिळतो: ‘एकदा एमआरआय काढून घे, म्हणजे मनातलं जाईल.’ या सल्ल्यात दोन गैरसमज दडले आहेत. दुखणं वाढलं म्हणजे डोक्यात काहीतरी वाढतंय, हा पहिला. स्कॅन चांगला आला की भीती कायमची जाते, हा दुसरा. पहिल्याबद्दल डॉक्टर सांगून सांगून थकले. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि माणसं वर्षानुवर्षं अडकून पडतात ती तिथेच.

आधी पहिल्याचं पाहू. कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले प्रौढ सुमारे २५ टक्के निघाले. मेंदूतल्या गाठी त्या मानाने फारच विरळ. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डोकेदुखी घेऊन आलेल्या पण नेमकं निदान न झालेल्या दर हजार रुग्णांमागे वर्षभरात गाठ निघाली ती सरासरी दीड जणाला. ज्यांच्या दुखण्याला डॉक्टरांनी अर्धशिशी किंवा तत्सम नाव दिलं होतं, त्यांच्यात त्याहूनही कमी. अर्धशिशी मुळात चढउतारांचाच आजार आहे. झोपेचं बिघडलेलं वेळापत्रक, पाळी जाण्याआधीची काही वर्षं, घोरणं, वाढलेलं वजन, नैराश्य यांपैकी कशानेही ती वाढते. ‘पण एखाद्याला गाठ निघतेच ना?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठीच धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: क्षणार्धात कळसाला पोहोचणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, ताप आणि आखडलेली मान, फिट, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, कर्करोगाचा पूर्वेतिहास, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर उसळणारी कळ, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे. यांतलं काही असेल तर वाट पाहू नये. यांतलं काही नसलं, तरी दुखण्याची तऱ्हा बदलली असेल तर डॉक्टरांना एकदा नीट दाखवावंच; डोळ्याचा पडदा पाहून, हातपाय तपासून स्कॅन लागेल की नाही हे त्यांनी ठरवावं, शेजाऱ्यांनी नव्हे.

आता दुसरा गैरसमज. लंडनमध्ये रोजच्या डोकेदुखीच्या १५० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून अर्ध्यांना स्कॅन देऊ केला, अर्ध्यांना नाही. तीन महिन्यांनी स्कॅनवाल्यांची गंभीर आजाराची धास्ती कमी झालेली दिसली. वर्षाने हा फरक उरला नव्हता. मन फार अस्वस्थ असलेल्या रुग्णांचा पुढचा वैद्यकीय खर्च मात्र स्कॅनमुळे घटला, म्हणजे स्कॅन निरुपयोगी नाही. पण त्याने मिळणाऱ्या दिलाशाला मुदत असते. शिवाय रिपोर्टही दरवेळी कोरा येत नाही. रॉटरडॅममध्ये सर्वसाधारण लोकवस्तीतल्या २००० लोकांचे स्कॅन काढले, तर १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीला फुगवटा आणि १.६ टक्के लोकांत साध्या गाठी अवचित सापडल्या. अर्धशिशीच्या रुग्णांत ‘व्हाइट मॅटर हायपरइन्टेन्सिटीज’, म्हणजे मेंदूतले पांढरे ठिपके, ही ओळ तर नेहमीची. रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट’ लिहिलेलं असतं. म्हणजे रुग्णाला तपासून अर्थ लावा. माणूस मात्र ठिपक्यांची ती ओळ रात्री मोबाइलवर शोधत बसतो आणि पहाटेपर्यंत स्मृतिभ्रंशापर्यंत पोहोचतो. हॉलंडमध्ये अशा ठिपक्यांचा नऊ वर्षं पाठपुरावा झाला: अर्धशिशी असलेल्या बायकांत ठिपके वाढले, पण त्यामुळे बुद्धी मंदावल्याचं आढळलं नाही.

‘म्हणजे हे सगळं मनाचे खेळ?’ मुळीच नाही, आणि हा आरोप ऐकून रुग्णांनी चिडावं हे योग्यच आहे. दुखणं खरंच असतं. मेंदूच्या आवरणांतल्या नसा आणि तिथे सुटणारी रसायनं ते घडवतात. पण भीती त्यात भर घालते, आणि तिचा मार्ग गोळ्यांच्या पाकिटातून जातो. कपाळावर जरा ठणका जाणवला की ‘वाढायच्या आत घेऊन टाकू’ म्हणून गोळी घेतली जाते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन ही अर्धशिशीवरची औषधं किंवा कॅफीनयुक्त मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळ्यांमुळेच डोकं दुखू शकतं. दुखणं वाढलं म्हणून भीती, भीतीपोटी गोळी, गोळीमुळे पुन्हा दुखणं. या फेऱ्याचा फोटो एमआरआयमध्ये निघत नाही.

इतर समजुती थोडक्यात. उलटी होऊन बरं वाटलं म्हणून ते ‘पित्त’ ठरत नाही. मळमळ हा अर्धशिशीचाच भाग आहे. ‘सायनस’ म्हणून आलेल्या सुमारे ३००० जणांच्या एका अमेरिकन अभ्यासात ८८ टक्के लोकांचं दुखणं अर्धशिशीच्या प्रकारचं निघालं. आणि चष्म्याचा नंबर बदलून अर्धशिशी जात नाही.

भीतीला आकडा दाखवावा लागतो. कालनिर्णयच्या ज्या चौकटीत दुधाचे खाडे लिहिले जातात, तिथेच दुखण्याच्या दिवशी फुली आणि गोळीच्या दिवशी गोल करावा. महिनाअखेरीला ‘रोजच दुखतं’ याच्या जागी ‘११ फुल्या, ९ गोल’ असं काहीतरी हाती येतं, आणि तोच कागद डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतो. प्रतिबंधक औषध सुरू करायचं का, हे त्यावरून ठरतं. डॉक्टर एकच धरावेत आणि पुढची भेट आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे प्रत्येक कळेसरशी धावावं लागत नाही. चिंता तरीही दिवस खात असेल तर तिच्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत. विचार आणि वर्तनावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत तिथे कामी येते. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, उलट्या होतात, झोप लागत नाही. हे आधीच माहीत नसलेला माणूस नेमका याच दिवसांत घाबरून पुन्हा पाकिटाकडे वळतो.