यंत्राला प्रश्न विचारावा कसा?

मराठी शिकविणाऱ्या माणसाने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असा माझा जुना नेम. आणि तो मी आजवर कसोशीने पाळला होता. किराण्याच्या यादीची बेरीजदेखील मी दुकानदारावर विश्वासून मान्य करतो. परंतु गेल्या दिवाळीत माझी भाची हिंगोलीला आमच्याकडे सुटीला आली आणि तो नेम मोडला. ती बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय पदार्थविज्ञान. पहिल्याच रात्री जेवणे आटोपल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामा, आपल्या औंढ्याला ती वेधशाळा होणार आहे ना, तिथलं गणित मला करून बघायचंय. तुम्ही बसता का जवळ?"

"अगं, मी बसून काय उजेड पाडणार?"

"तुम्ही नुसतं 'का?' असं विचारत राहा. मला तेवढंच पाहिजे."

एवढे काम मला जमण्यासारखे होते. मी बसलो.

औंढा म्हटले की आम्हा हिंगोलीकरांना आठवते ते नागनाथाचे देऊळ आणि महाशिवरात्रीची यात्रा. आता त्याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. अंदाजे खर्च २,६०० कोटी रुपये. ह्या वेधशाळेला दुर्बीण नसते. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांतून धावणारे लेसरचे किरण, एवढाच तिचा मुख्य संसार. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशालाच लाटा येतात. ती लाट इथून गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. 'किंचित' म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान!

अशी लाट प्रथम पकडली गेली १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन जुळ्या वेधशाळांत. त्या दिवसाची मूळ नोंद आज जगातल्या कोणालाही फुकट उतरवून घेता येते. भाचीने त्यातली ३२ सेकंदांची नोंद घेतली. दर सेकंदाला ४,०९६ आकडे, म्हणजे एकूण १,३१,०७२. हातात वही-पेन घेऊन बसले तर जन्म सरावा!

इथे ते गणिती सॉफ्टवेअर कामाला येते. ह्या प्रकाराचा इतिहास मला मोठा आवडला, कारण त्यात एक मास्तर आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्ह मोलर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने, आपल्या विद्यार्थ्यांना लांबलचक फोर्ट्रान लिहीत बसावे लागू नये म्हणून 'मॅटलॅब' तयार केले. पुढे त्याचा मोठा व्यवसाय झाला. ते विकत घ्यावे लागते. पण 'सायलॅब' आणि 'पायथन' ह्यांना पैसा पडत नाही. भाचीने पायथन धरले.

मात्र पैशाची अडचण सुटली तरी भाषेची उरतेच. भाचीचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झालेले. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून ती रडकुंडीला आली होती. तिला हात दिला तो मुंबईच्या आय.आय.टी.ने चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' ह्या उपक्रमाने. दहा-दहा मिनिटांचे लहान पाठ. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच, पण समजावणारा आवाज मराठी. ऐकायचे, थांबवायचे, स्वतः करून बघायचे. आपल्या भाषेत 'का' कळले, की परक्या भाषेतला 'कसे' फारसा जड जात नाही, हे ती मला सांगत होती आणि माझी मराठीची मान उगाच ताठ होत होती.

असो. तिने पहिला आलेख काढला. पडद्यावर एक आळसावलेली, वेडीवाकडी रेघ उमटली. कृष्णविवर नाही, काही नाही. मग तिने त्या नोंदीतले 'सूर' वेगळे काढले. तंबोऱ्याच्या झंकारातून तयार कानाचा गवई जसे एकेक स्वर ओळखतो, तसेच हे. सरळ मार्गाने हा हिशेब केला तर १,७०० कोटींहून अधिक गुणाकार लागतात. पण कूली आणि ट्यूकी ह्या दोघांनी १९६५ साली मांडलेल्या युक्तीने तो २२ लाखांच्या घरात येतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नवा आलेख हजर! आणि त्यात ६० ह्या आकड्यावर एक उंचच उंच सुळका.

"मामा, सापडलं!" ती ओरडली. मी टाळ्या वाजवल्या. आतून बहिणीने "काय सापडलं गं?" म्हणून विचारले. चकलीचे ताट पुढे आले.

मग मला माझे काम आठवले. "का गं, साठच का?"

ती गप्प झाली. बराच वेळ विचार करून, पुस्तक चाळून, ओशाळे हसत म्हणाली, "मामा, अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते. आपली पन्नास वेळा. ही त्यांच्या विजेच्या तारांची गुणगुण आहे!"

त्या रात्री मला ह्या विद्येचे मर्म कळले. संगणक स्वल्पविराम चुकला तर अडून बसतो. तेवढ्यापुरता तो आम्हा पेपर तपासणाऱ्यांपेक्षा कडक. पण व्याकरण शुद्ध असले, की अर्थाचा अनर्थ झाला तरी तो हूं की चूं करीत नाही. उलट सुबक आलेख काढून देतो. उत्तर यंत्र देते, पण ते उत्तर खरे की खोटे ही शंका माणसालाच यावी लागते.

दुसऱ्या रात्री तिने विजेचा सूर आणि इतर गोंगाट गाळला. ३५ ते ३५० एवढ्याच कंपनांना वाट ठेवली. आणि मग रेघ बदलली. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात भराभर दाटत, उंचावत गेलेली आणि एकदम निवालेली लाट! आता टाळ्या वाजवायला मी तयार नव्हतो. "कशावरून?" म्हणालो. तिने हॅनफर्डची नोंद घेतली, ७ सहस्रांश सेकंद मागे सरकवली, उलटी केली आणि लिव्हिंग्स्टनच्या लाटेवर ठेवली. दोन्ही बसल्या. नंतर त्याच नोंदीतला दुसरा, शांत तुकडा त्याच रीतीने गाळला. तिथे तशी लाट नव्हती. तेव्हा कुठे आम्ही दोघे हसलो. १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली ती लाट आमच्या ओसरीवर पोहोचली होती.

ही पहिली लाट जोरकस होती. क्षीण लाटांसाठी आणखी एक युक्ती लागते. यात्रेच्या कोलाहलात आईला आपल्या पोराची हाक ओळखू येते, कारण तो आवाज तिच्या मनात आधीपासून असतो. तसेच लाट कशी दिसेल ह्याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि ते नोंदीवर लावून पाहायचे. हे नमुने कसे निवडावेत ह्यावर पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश ह्यांनी १९९१ साली, म्हणजे लाट सापडण्याच्या चोवीस वर्षे आधी, शोधनिबंध लिहिला होता.

औंढ्याची वेधशाळा सुरू झाली, की लाट आकाशाच्या कोणत्या बाजूने आली हे अधिक नेमके सांगता येईल. जमीन आमची, आकाश सर्वांचे. पण त्या आकड्यांचे वाचन कोण करणार? आमच्या मुलांनी फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी तेवढी मिळवायची, की आतल्या पडद्यासमोर बसायचे? नोंद खुली आहे, साधन फुकट आहे, समजावणारा आवाज मराठीत आहे. उरते ती रोजची बैठक, आणि शेजारी बसून 'का?' विचारणारे कोणीतरी वडीलधारे. त्याला गणित यावेच लागते असे नाही. हे मी स्वानुभवाने सांगतो.

भाऊबीजेनंतर भाची परत गेली. परवा किराण्याची यादी आली, तेव्हा मी बेरीज पुन्हा करून पाहिली. दुकानदाराची बरोबर होती. माझी चुकली होती.