हातोडीचा प्रत्येक घाव वेगळा

मिरजोळ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. निवृत्तीनंतर व्हिडिओ पाहून ते ताई ची ही संथ हालचालींची चिनी व्यायामपद्धती शिकले. चोवीस आकृत्यांचा संच पाठ झाला, रोज सकाळी अंगणात तो करतात आणि आता विचारतात, ‘सगळं पाठ झालं. रोज तेच ते करून शरीर आता नवं काय शिकणार?’

चीनच्या क्रीडा आयोगानं हा चोवीस आकृत्यांचा संच 1956 साली यांग घराण्याच्या लांबलचक पद्धतीतून बेतला. पाच-सहा मिनिटांत तो संपतो, त्यामुळे काही महिन्यांत पाठ होणं साहजिक आहे. पण पाठ झाल्यावर काय, हा प्रश्न फक्त ताई चीचा नाही. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला, तबल्याचा रियाझ करणाऱ्याला तो पडतोच. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोत सापडलं. ते शोधणाऱ्या निकोलाय बर्नस्टाइन यांचं नाव रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्याइतकं सर्वतोमुखी व्हायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

बर्नस्टाइन पेशानं डॉक्टर. 1922 मध्ये ते मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेत रुजू झाले. नव्या कारखान्यांसाठी हजारो कामगार तयार करायचे होते आणि हातोडी मारण्याची एकच बिनचूक पद्धत शोधून ती सगळ्यांना शिकवावी, असा संस्थेचा मानस होता. बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोडीलाही इवलेसे दिवे बांधले. कॅमेऱ्यासमोर झडप फिरत ठेवली. प्लेटवर ठिपक्याठिपक्यांनी प्रत्येक सांध्याची वाट उमटली.

अपेक्षा अशी, की मुरलेल्या कामगाराचा प्रत्येक घाव आधीच्या घावावर तंतोतंत बसेल. हातोडी बरोबर जागेवर पडतही होती. सांध्यांच्या वाटा मात्र दर वेळी वेगळ्या! खांदा जरासा पुढे गेला, की कोपर तेवढं सांभाळून घेई; कोपर चुकलं, की मनगट. सांध्यांना आपापली मोकळीक होती आणि सगळे मिळून हातोडीचं टोक नेमकं राखत होते. कसब एकसारखेपणात नाही, या सांभाळून घेण्यात आहे.

यातून बर्नस्टाइन यांनी सरावाची व्याख्याच बदलली. खांद्यापासून मनगटापर्यंत हात सात प्रकारे हलू शकतो. आज स्नायू ताजे आहेत, उद्या थकलेले; आज जमीन कोरडी, उद्या ओली. त्यामुळे कालचं उत्तर आज जसंच्या तसं चालत नाही. मेंदू उत्तर साठवून ठेवत नाही. उत्तर काढायची रीत पक्की करतो. गणित रोज थोडं बदलतं आणि रोज पुन्हा सोडवावं लागतं.

शिकण्याच्या पायऱ्याही त्यांनी सांगितल्या. नवशिका माणूस बरेच सांधे आवळून धरतो, कारण एवढ्या मोकळ्या सांध्यांवर ताबा ठेवणं त्याला झेपत नाही. ताई चीच्या पहिल्या महिन्यांत खांदे कानांशी जातात, गुडघे काठीसारखे ताठ होतात, ते यामुळेच. दुसऱ्या पायरीवर एकेक सांधा सुटतो. तिसरी पायरी फार उशिरा येते. तिथे माणूस गुरुत्वाकर्षणाशी झगडणं सोडून त्यालाच कामाला लावतो.

इतकं काम करूनही बर्नस्टाइन यांच्या वाट्याला उपेक्षा आली. पावलोव्ह यांच्या सिद्धांतावर टीका करणारं त्यांचं पुस्तक 1936 मध्ये छापखान्यात होतं. तेवढ्यात पावलोव्ह वारले. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्याशी वाद घालायचा नाही म्हणून बर्नस्टाइन यांनी ते मागे घेतलं आणि ते प्रसिद्ध झालं थेट 2003 मध्ये. 1948 साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं, पण लवकरच ‘पावलोव्हविरोधी’ ठरवून त्यांचं प्रयोगाचं काम बंद पाडलं गेलं. 1966 च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या निबंधांचं इंग्रजी पुस्तक आलं ते पुढच्या वर्षी.

आता ताई चीच्या एका पावलाकडे पाहू. एरवी चालताना आपण दर पावलाला थोडे पुढे पडत असतो आणि अंगातला वेग आपल्याला तारून नेतो. ताई चीत तो वेगच काढून घेतलेला असतो. टाच टेकते, पण तिच्यावर भार नसतो. वाटलं तर पाऊल उचलून परत घेता यावं. मग भार हळूहळू पुढे सरकतो, तळवा टेकतो, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो. या सबंध काळात मागच्या पायाचा घोटा क्षणोक्षणी दुरुस्त्या करत असतो. घाईत झाकल्या जाणाऱ्या चुका इथे उघड्या पडतात, म्हणून दहा वर्षांनंतरही या एका पावलात सुधारायला जागा उरते.

अटलांटात स्टीव्हन वुल्फ यांनी सत्तरीपुढच्या 200 जणांवर केलेला प्रयोग 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला 15 आठवडे ताई ची दिली, दुसऱ्याला यंत्राच्या फळीवर तोल राखायला शिकवलं, तिसऱ्याशी नुसत्या आरोग्याच्या गप्पा. ताई चीच्या गटात पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी घटला. नवल पुढेच आहे. फळीवर स्थिर उभं राहायला शिकला तो यंत्राचा गट, पण त्याचं पडणं तसं कमी झालं नाही. ताई ची करणारे फळीवर पूर्वीइतकेच डोलत होते. फक्त त्यांची पडण्याची भीती ओसरली होती. डोलणं थांबवण्यापेक्षा डोलता डोलता सावरणं उपयोगी पडतं, असाच याचा अर्थ मी लावतो. हातोडीच्या घावाशी तो किती जुळतो! श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवर पाय सरकतो, तेव्हा ताठ उभं राहण्याचा काय उपयोग? सावरता आलं पाहिजे.

याच्या आधारावर ताई चीनं सगळे रोग बरे होतात, असं कुणी सांगू लागलं तर मात्र थांबावं. इथे मला लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, आठवतात. त्यांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापलं आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. प्राणायामात जास्त प्राणवायू शोषला जातो, हा तेव्हाचा लाडका दावा. स्वतः प्राणायामाचे कट्टर साधक असूनही त्यांनी तो मोजून पाहिला आणि खरा नाही, असं छापून टाकलं. साधना त्यांनी सोडली नाही, फक्त तिच्या नावावरचं खोटं श्रेय पुसलं. ताई चीवरही असंच प्रेम करावं.

तर मिरजोळ्याच्या वाचकांना माझं सांगणं एवढंच. संच पाठ झाला, म्हणजे हालचाली आठवायला लागणारं लक्ष आता मोकळं झालं. ते एका वेळी एकाच सांध्याला द्या : या महिन्यात घोटा, पुढच्या महिन्यात खांदा. अंगण नेहमीचं झालं असेल, तर कधी पडवीत करा, कधी जांभ्याच्या खडबडीत फरसावर. सुरुवात दुसऱ्या पायानं करून पाहा. हाताशी भिंत असू द्या. संच विस्कटेल, पाऊल अडखळेल आणि पाठ झालेलं गणित पुन्हा सोडवायला लागेल. शरीर शिकतं ते त्याच वेळी.