सण, पगार आणि स्पेनचा नाताळ

चारकोपच्या खाडीपलीकडे गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांवर डिसेंबरअखेर कागदी चांदण्या लागतात आणि आत गवत पसरून बाळ येशूचा गोठा मांडला जातो. या समाजाची भाषा मराठी. त्याचे धार्मिक संस्कार मुख्यतः पोर्तुगीज अमदानीतले. वसईसह हा टापू १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होता. तेव्हा स्पेनचा नाताळ हा आपल्याला वाटतो तितका परका विषय नव्हे.

स्पेनमध्ये या गोठ्याला ‘बेलेन’, म्हणजे बेथलेहेम, म्हणतात. २४ डिसेंबरच्या रात्री सारे कुटुंब एका पंगतीस बसते. बदाम-मधाचा ‘तुरोन’ आणि बदामाचेच मार्झिपान घरोघरी असते. आपल्याकडे तेच मार्झिपान पुष्कळदा काजूचे होते. मुलांना भेटी आणण्याचा मान परंपरेने बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या पूर्वेकडील तीन राजांचा. ५ जानेवारीच्या सायंकाळी त्यांची मिरवणूक निघते आणि मुले रात्री आपले जोडे मांडून झोपतात. गोव्यात चांदोर आणि कासावली येथे ६ जानेवारीस तीन मुलगे राजवेशात घोड्यावरून येतात, ती याच सणाची शाखा होय.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र येथे एक रूक्ष प्रश्न पडतो : या आनंदाचा खर्च कोण करतो? सामान्य माणसाच्या घरी सण येतो तो तारखेने. पैसा येतो तो पगाराने, आणि या दोघांची गाठ पडेलच असे नाही.

स्पेनने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत. पहिले म्हणजे १८१२ पासून चालत आलेली नाताळची लॉटरी. २२ डिसेंबरला माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुले क्रमांक गाऊन सांगतात. तिकिटाचा दशांश विकत मिळतो आणि कचेरीतले सहकारी, शेजारी एकाच क्रमांकाचे वाटेकरी होतात. विक्रीपैकी सत्तर टक्के रक्कमच बक्षिसांत परतते, म्हणजे हिशेबाने हा आतबट्ट्याचाच व्यवहार. पण सगळ्यांचे नशीब उघडले आणि आपण तेवढे कोरडे राहिलो, ही भीती माणसाला तिकीट घ्यायला लावते. नशिबाच्या भरवशावर सण साजरा होत नाही, हे सांगावयास नकोच.

दुसरे उत्तर अधिक भक्कम आहे. स्पेनच्या १९८० च्या कामगार कायद्यानुसार कामगाराला वर्षातून दोनदा जादा पगार मिळतो आणि त्यातला एक नाताळच्या वेळी देणे बंधनकारक आहे. तो नफ्यावर अवलंबून नाही, मालकाच्या मर्जीवरही नाही. वार्षिक वेतनच चौदा भागांत वाटले जाते, हा आक्षेप खरा. पण सणाला हाती रोकड असणे हा वेतनाचाच भाग आहे, हे त्यात मान्य केले आहे. २०१२ च्या आर्थिक संकटात सरकारने सरकारी नोकरवर्गाचा हा नाताळ-पगार रोखला, तेव्हा तो पुढे हप्त्याहप्त्याने परत करावा लागला.

आपल्या मुंबईने याच मागणीसाठी मोठी किंमत मोजली आहे. १९२४ साली गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला. चौकशी समितीने त्यांचा कायदेशीर हक्क नाकारला. हक्क मिळाला तो १९६५ च्या कायद्याने, आरंभी किमान चार टक्के आणि पुढे दुरुस्तीने ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. परंतु याच कायद्याने विद्यापीठे व शिक्षणसंस्था वगळल्या. सरकारी कारकुनाला सण-अग्रिम मिळतो, पण तो पुढच्या पगारांतून कापून जातो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची स्थिती तर विचित्रच : दिवाळीत सुट्टी म्हणून तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणून मानधन नाही! सण दारी येतो नेमका त्याच वेळी मिळकत थांबते.

चारकोपची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने, मुख्यतः अल्प उत्पन्न गटांसाठी उभी राहिली. येथे नाताळची चांदणी काय नि दिवाळीचा आकाशकंदील काय, दोन्ही महिन्याच्या हिशेबातूनच लागतात. स्पेनकडून आपण घ्यावयाचे ते हेच. सण ही चैन नव्हे. तो श्रमाच्या मोबदल्याचाच एक भाग आहे. हे तत्त्व कंत्राटी आणि तासिका कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचेल, तेव्हाच आपले सण खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले असे म्हणता येईल.