मोठ्या गाडीची धुलाई : आधी माणूस, मग पाणी, मग गाडी

शेतावर येणाऱ्या वाहनांचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. बैलगाडीच्या जोडीस ट्रॅक्टर व ट्रेलर आले, त्यास बराच काळ लोटला. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण व २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. जिच्यात निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते अशी बसएवढी गाडीही आता शेतावर मुक्कामास येऊ शकते. काही ठिकाणी जुन्या बसचा सांगाडा घेऊन तिचे फिरते घर किंवा फिरते प्रदर्शन बनविले जाते. अशी गाडी चिखलातून आली म्हणजे ती धुण्याचे काम ओघानेच शेतमालकाकडे वा त्याच्या गड्याकडे येते.

ट्रॅक्टर धुण्याची सवय असलेल्या माणसास हे काम नवे वाटत नाही. रबरी नळी घ्यावी, बादलीभर साबणाचे पाणी करावे, टपावर चढावे आणि घासावयास लागावे, एवढेच त्यात आहे असा सर्वसाधारण समज असतो. परंतु ट्रॅक्टर जमिनीवर उभे राहून धुता येतो. बसचे टप माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट उंच असते. तेथे उंची, निसरडेपणा, पाणी आणि वीज ही चारही एकत्र येतात. म्हणून या कामात काळजीचा क्रम ठरलेला असावा : प्रथम माणूस, नंतर गावाचे पाणी आणि सर्वांत शेवटी गाडी.

प्रथम वर पाहावे

गाडी उभी करण्यापूर्वी चालकाने व धुणाऱ्याने वर पाहावे. रस्ता सोडून इतर ठिकाणी ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारा जमिनीपासून निदान ४.६ मीटर उंच असाव्यात असा विद्युत सुरक्षेचा नियम आहे. हे अंतर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास पुरेसे आहे. परंतु टपावर उभ्या असलेल्या माणसास ते मुळीच पुरत नाही. बसचे टप ३.२ मीटर उंच धरले आणि त्यावर १.६५ मीटर उंचीचा माणूस उभा राहिला, तर त्याचे डोके ४.८५ मीटरवर जाते. म्हणजे तार अगदी नियमाप्रमाणे असली तरी ती त्याच्या डोक्याच्याही खाली येते. त्याने हात उंचावला किंवा लोखंडी दांड्याचा कुंचा उचलला, तर अंतर आणखी वाढते. खांब कलला असेल अथवा उन्हाने तार सैल झाली असेल, तर धोका याहूनही अधिक होय.

उच्च दाबाच्या तारेस प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो असेही नाही. फार जवळ गेल्यास ठिणगी उडून प्रवाह माणसाच्या देहातून जमिनीत जाऊ शकतो. नळीतून उडणारी पाण्याची धारही तारेवर जाता कामा नये. यास्तव तारेखाली किंवा तारेच्या जवळ गाडी धुऊच नये. ‘दहा मिनिटांचेच काम आहे’ असे म्हणून या नियमास अपवाद करणे म्हणजे जीव पणास लावणे होय.

तार तुटून गाडीवर पडलीच, तर आत असलेल्यांनी आतच बसून राहावे व बाहेरच्यांनी दूर राहावे. वीज कंपनीस १९१२ या क्रमांकावर कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही गाडीस हात लावू नये. आग लागल्यामुळे बाहेर पडणे भागच असेल, तर गाडीस व जमिनीस एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत्या पावलांनी दूर जावे.

टपावरील काम

गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी, इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली धुण्यासाठी शिरू नये.

टप शक्यतो शिडीवरून, लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने धुवावे. फिरत्या घराच्या टपावर पातळ पत्रा किंवा फायबर असते व ते माणसाचे वजन सहन करण्यासाठी बनविलेले असेलच असे नाही. शिडी चार भाग उंच तर एक भाग पायथ्याकडे बाहेर, या प्रमाणात लावावी. तीन मीटर उंचीवर टेकविलेल्या शिडीचा पाय गाडीपासून पाऊण मीटर दूर असावा. शिडीचे वरचे टोक बांधावे, खाली एक माणूस धरून उभा करावा आणि एका बाजूस झुकून हात लांबविण्याऐवजी शिडीच सरकवावी.

गाडी बनविणाऱ्याने टपावर चालण्यास मुभा दिली असेल, तरच वर चढावे. अशा वेळी न घसरणारे बूट घालावेत. दूरच्या टोकापासून धुण्यास आरंभ करून शिडीकडे येत जावे. मात्र उलटे, मागे मागे चालू नये. साबणाच्या पाण्यात पाय ठेवण्याची वेळ येणार नाही अशा रीतीने पट्टे पाडून धुवावे. वारा सुटला असता हे काम दुसऱ्या दिवसावर टाकणे हितावह आहे.

पंप आणि वीज

आरंभ करण्यापूर्वी गाडीस बाहेरून दिलेली विजेची जोडणी काढून घ्यावी, आतील इन्व्हर्टर बंद करावा आणि स्वयंपाकाच्या गॅसचा झडपखटका बंद करावा. टपावरील सौर पट्ट्यांवर प्रकाश पडताच वीज निर्माण होते. घरातील खटका बंद केल्याने ती थांबत नाही. म्हणून पट्टीची काच तडकलेली किंवा तार उघडी दिसल्यास तेथे पाणी घालू नये. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकण्याचा संभव असतो. म्हणून सकाळची वेळ उत्तम.

पाण्याचा विजेवरील पंप वापरावयाचा असल्यास त्याची जोडणी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरून घ्यावी. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारा, ‘आर.सी.सी.बी.’ या नावाने मिळणारा खटका असणे अत्यंत आवश्यक आहे. तारेचे जोड ओल्या जमिनीवर ठेवू नयेत आणि ओल्या हाताने पिन काढू नये. कोणास झटका बसल्यास त्यास धरून ओढू नये; प्रथम मुख्य खटका बंद करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उच्च दाबाच्या धारेचा उपयोग सावधपणे करावा. ही धार हातापायावर घेतल्यास कातडी भेदून पाणी व मळ आत शिरतो. जखम बाहेरून टाचणीच्या अग्राएवढी दिसली तरी ती गंभीर समजून रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. टायर, खिडक्यांचे रबर, टपावरील सांधे, हवेच्या जाळ्या व विजेची खोकी यांवर धार जवळून मारू नये. सांध्यातून आत गेलेले पाणी भिंतीतील लाकूड कुजविते आणि ते महिनोन्‌महिने कळतही नाही.

शेतात फवारणीसाठी असलेला एच.टी.पी. पंप गाडी धुण्यास जोडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. औषधाचा अंश पंपात व नळीत राहतो. ज्या गाडीत माणसे जेवतात व निजतात, ती अशा पंपाने कदापि धुऊ नये.

धुण्याची रीत

इंजिन व चाके पूर्ण थंड होऊ द्यावीत. सर्व खिडक्या व टपावरील झरोके बंद करावेत. प्रथम नुसत्या पाण्याने धूळ व वाळू खाली काढावी; कोरड्या धुळीवर फडके घासल्यास काचकागदाने घासल्याप्रमाणे रंगावर ओरखडे उठतात. नंतर वाहनांसाठी मिळणारा सौम्य साबण घेऊन टप, बाजू व शेवटी चाके या क्रमाने धुवावे. साबणाची बादली व फडके पिळण्याची बादली वेगळी ठेवावी. साबण वाळण्यापूर्वीच तो भाग धुऊन काढावा. मळ निघावा म्हणून डिझेल, रॉकेल अथवा धुण्याचा सोडा वापरू नये. त्यामुळे रबर व रंग खराब होतो, जमीन नासते आणि डिझेल-रॉकेल गरम इंजिनाजवळ पेट घेऊ शकते.

गाडी धुऊन झाल्यावर लगेच भरधाव निघू नये. हळू चालवून दोनतीन वेळा ब्रेक दाबून पाहावा व तो नीट लागतो याची खात्री करावी.

पाणी किती लागले व गेले कोठे

मिनिटास १५ लिटर पाणी देणारी नळी ४० मिनिटे उघडी राहिली, तर ६०० लिटर पाणी वाहून जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे हे सुमारे ११ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. तेच काम काटकसरीने करता येते. पाच मिनिटे भिजविण्यास ७५ लिटर, १५ लिटरच्या सहा बादल्या म्हणजे ९० लिटर आणि आठ मिनिटे धुऊन काढण्यास १२० लिटर, असे एकूण २८५ लिटर पाणी पुरते. त्यासाठी नळीच्या तोंडास दाबून बंद होणारी तोटी बसविली पाहिजे.

नळीचे टोक साबणाच्या बादलीत बुडवून ठेवू नये. नळाचा दाब एकाएकी कमी झाल्यास बादलीतील घाण पाणी उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. गाडीतील पिण्याच्या पाण्याची टाकी भरण्यासाठीही वेगळी, स्वच्छ नळी असावी. गाडीतील सांडपाण्याची व शौचालयाची टाकी धुण्याच्या जागी रिकामी करू नये.

नदी, ओढा वा तळे यांत गाडी उतरवून धुणे सर्वथा वर्ज्य होय. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेही प्रवाहात व विहिरीत घाण सोडण्यास बंदी केली आहे. धुण्याची जागा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या बाजूस निवडावी. तेथे खडी पसरून बाजूस गाळ बसण्यासाठी लहानसा खड्डा करावा. तेलकट इंजिन मात्र गावात धुऊ नये. ते काम तेल वेगळे काढण्याची सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

जागा ठरलेली असण्याचा आणखी एक लाभ आहे. चाकांच्या चिखलातून तणांचे बी दूरवर जाते. गाजरगवत भारतात १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात आढळले; आज ते देशभर पसरले आहे. त्याचे एकेक झाड हजारो बिया देते. गाडी नेहमी एकाच जागी धुतली, तर उगवणारे तण तेथेच दिसते आणि हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वी उपटता येते. चिखल शेतभर धुतला गेला, तर मात्र ते तण पुढे पिकातच शोधावे लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

कार्यकर्त्यांनी गावात अशी एक जागा शेतकऱ्यांसह निवडावी आणि एका सकाळी प्रत्यक्ष प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रात्यक्षिकाचा आरंभ साबणाने करू नये. प्रथम सर्वांस वर पाहावयास सांगावे, मग टपाची उंची दोरीने मोजावी, तीत माणसाची उंची मिळवावी आणि ती बेरीज तारेच्या उंचीशी ताडून दाखवावी. एवढी एक बेरीज गावातील तरुणांच्या मनावर ठसली, तरी प्रात्यक्षिकाचे सार्थक झाले असे समजावे. गाडीवर राहिलेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा धुता येतो; तारेस लागलेला हात मात्र परत घेता येत नाही.